चमकते, पण बोलत नाही

परवा रात्री साडेनऊच्या सुमारास पुण्याहून भाच्याचा फोन. "मामा, सॅटिन घेऊ का ग्लॉस?" मला वाटलं ताईच्या घराचं रंगकाम निघालं. पण प्रकरण गिटारचं होतं. दुकानात एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या, एकाच लाकडाच्या दोन गिटारी. एक आरशासारखी लखलखीत, दुसरी पुसलेल्या पाटीसारखी मंद. लखलखीत गिटार साडेतीन हजारांनी महाग. दुकानदार म्हणे, सॅटिनचा आवाज मोकळा. भाच्याचा मित्र म्हणे, ग्लॉसच्या आवाजाला धार असते. आणि इंटरनेटवर तर काय, दोन्ही बाजूंचे लोक तलवारी उपसून उभे.

गिटार मी उभ्या आयुष्यात वाजवलेली नाही. पण पॉलिशच्या पायी एका वाद्याचा आवाज घालवल्याचं पाप माझ्या नावावर जमा आहे, आणि ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणूनच बहुधा त्याने मला विचारलं असावं. फोनवर जमेल तेवढं सांगितलं. उरलेलं इथे लिहितो.

नेहमी येणाऱ्यांना माझं गाव माहीत आहे. नव्यांसाठी: हिवरा आश्रम, तालुका मेहकर, जिल्हा बुलढाणा. गावाच्या नावातला आश्रम म्हणजे शुकदास महाराजांनी १९६५ साली सुरू केलेला विवेकानंद आश्रम. पौष वद्य सप्तमीला, म्हणजे तिथीप्रमाणे विवेकानंद जयंतीला, इथे जो उत्सव होतो तो ज्याने पाहिला नाही त्याला सांगून पटत नाही. शेतात लाखांनी माणसं रांगा धरून बसतात आणि पुऱ्या-वांग्याची भाजी ट्रॅक्टरमधून वाढायला येते. विवेकानंद स्वतः उत्तम गाणारे होते, पखवाज-तबला वाजवणारे होते, आणि १८८७ साली नरेंद्रनाथ दत्त या नावाने 'संगीत कल्पतरू' हा पदसंग्रह त्यांनी वैष्णवचरण बसाक यांच्यासोबत संपादित केला होता, हे आमच्या गावातही फार थोड्यांना माहीत आहे. असो.

आमचे आबा वीणेकरी. वारकऱ्यांची वीणा म्हणजे तंबोऱ्याचीच धाकटी बहीण. सूर धरायचा, चाल वाजवायची नाही. पण अखंड हरिनाम सप्ताहात तिचा मान सगळ्यात मोठा. सात दिवस ती जमिनीवर टेकवायची नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जायची. आबांची वीणा मिरजेची, पंढरपूरच्या एका वारीत घेतलेली. तिच्या दांडीवर जिथे आबांचा डावा हात असायचा, तिथलं पॉलिश चाळीसेक वर्षांत झिजून लाकूड मंद, राखी दिसायला लागलं होतं. चार बोटांचा आणि तळव्याचा ठसाच म्हणा ना.

२००४ च्या डिसेंबरात, उत्सवाच्या तोंडावर, मला शहाणपण सुचलं. आबांना न सांगता वीणा उचलली आणि तालुक्याला फर्निचरचं पॉलिश करणाऱ्या एकाकडे दिली. माणूस कामाला चोख होता. आमच्या ओळखीच्या एका घरातला सागवानी दिवाण त्याने असा चमकवला होता की त्यात भांग पाडून घ्यावा. त्याने तारा उतरवल्या, काचपेपरने सगळं जुनं घासून काढलं आणि मेलामाईनचे चार-पाच हात मारले. आठ दिवसांनी वीणा आली ती शोरूममधून आल्यासारखी. मी मोठ्या ऐटीत आबांपुढे ठेवली.

आबांनी तारा लावल्या. एकदा छेडल्या, दोनदा छेडल्या. खुंट्या पिळल्या, मणी सरकवले, परत छेडल्या. मग म्हणाले, "चमकते त लय बापा. पण बोलत नाही."

एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं. त्या उत्सवात त्यांनी दुसऱ्याची वीणा गळ्यात घेतली.

घरात निकाल लागून गेला होता: पॉलिशने आवाज मारला. मलाही तेच वाटत होतं. पुढच्या उन्हाळ्यात वीणा गोधडीत गुंडाळून मी मिरजेला गेलो.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीबद्दल पुष्कळांनी लिहिलंय, मी थोडक्यात सांगतो. ही मंडळी मूळची शिकलगार. शिकल म्हणजे हत्याराला पाणी देणं, धार लावणं, चकाकी आणणं. अरबीतल्या 'सैकल' वरून आलेला शब्द आहे आणि त्याचा अर्थच मुळी पॉलिश! इंग्रजी अमलात तलवारी-भाल्यांचं काम आटलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला याच समाजातले फरीदसाहेब वाद्यं दुरुस्त करता करता सतारी आणि तंबोरे घडवायला लागले. संस्थानिक पटवर्धनांना गाण्याची आवड, त्यामुळे गवयांचा राबता आणि वाद्यांना गिऱ्हाईक. फरीदसाहेबांच्या मागे पिढ्यान् पिढ्या हे काम चाललं. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून येतात, लाकूड तुणीचं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला सगळ्यात गंमत वाटली ती याची, की ज्यांचं आडनावच चकाकी देणारे असं आहे, त्यांनी नाव कमावलं ते आवाजासाठी.

ज्या कारागिरांकडे मी गेलो ते साठीचे होते. मी माझा गुन्हा सविस्तर कबूल केला. त्यांनी वीणेच्या पॉलिशकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी पाहिली घोडी. तिच्यावरून अंगठा फिरवला आणि हसले. "ही पण घासली की त्याने. वर पॉलिशचा हात पण मारलाय."

ज्यांना हे माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडं थांबतो, कारण सगळी मेख इथेच आहे. गिटार किंवा व्हायोलिनची तार घोडीच्या अरुंद कडेवर टेकते. तंबोऱ्याची घोडी चांगली रुंद असते आणि तिचा माथा अगदी किंचित उतरता, फुगीर घासलेला असतो. तार छेडली की ती या उतारावर टेकते-सुटते, टेकते-सुटते. त्यातून जो गुंजारव उमटतो ती जवारी. खाली सुताचा दोरा सरकवून ती नेमकी जागा शोधायची. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली, म्हणजे नोबेल मिळण्याच्या नऊ वर्षं आधी, तंबोरा आणि वीणा यांच्या घोडीवर एक छोटा शोधनिबंध लिहिला होता. तार जिथे छेडावी तिथे ज्या उपस्वरांचा बिंदू स्थिर असतो ते उपस्वर त्या तारेतून निघू नयेत, असा युरोपात मान्य झालेला नियम होता. बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा, सहावा उपस्वर गप्प राहायला हवा. रामन यांना तंबोऱ्यात ते सगळे ठणठणीत ऐकू येत होते. कारण अर्थातच ती फुगीर घोडी. जो उतार डोळ्याला धड दिसतही नाही, त्याने एक नियम मोडीत काढला. आणि आमच्या पॉलिशवाल्याने तो उतार काचपेपरच्या चार हातांत सपाट केला होता. बिचाऱ्याचा काय दोष? त्याच्या लेखी तो लाकडी वीणेवरचा एक मळका तुकडा. सांगायला हवं होतं ते मी.

कारागिरांनी त्या दिवशी फक्त जवारी काढली. कानस, मग बारीक कानस, मग पातं, मध्येच तार ताणून ऐकायचं, परत घासायचं. दोन तास गेले. मग दोरा सरकवला आणि वीणा बोलली. मला तिथे काय झालं ते लिहीत नाही.

मी म्हटलं, "आता हे पॉलिशही काढून टाका."

ते म्हणाले, "तबलीवरचं काढू. जाड आहे, थोडा फरक पडेल. बाकीचं काढायला लावाल तर तेही काढतो. पण ते आवाजासाठी नाही, तुमच्या मनासाठी."

तबलीवरचं मेलामाईन त्यांनी खरवडलं आणि तिथे लाखेचं पॉलिश दिलं: स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा, कापडाच्या पुरचुंडीने पातळ पातळ थर, एक वाळला की दुसरा. या लाखेचा इतिहास मला नंतर वाचताना सापडला आणि त्यात मी बराच रमलो. लाखेचा किडा पळसावर, बोरीवर, कुसुमावर राहतो. आपल्याकडे गोंदिया-गडचिरोलीच्या पट्ट्यात ती अजून गोळा होते. हिंदुस्थानातली लाख जहाजांनी युरोपात गेली, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या सुतारांनी ती पुरचुंडीने चढवायची रीत बसवली, आणि ती आपल्याकडे परत आली ती 'फ्रेंच पॉलिश' या नावाने! स्पेनमधल्या गिटारी याच पॉलिशच्या. उत्तम क्लासिकल गिटार करणारे आजही तेच वापरतात, कारण त्याचा थर केसाहूनही पातळ ठेवता येतो. आणखी एक गंमत. ७८ च्या तबकड्याही लाखेच्याच, त्यात दगडाची भुकटी घालून केलेल्या. म्हणजे अब्दुल करीम खाँसाहेबांच्या मिरजेत एक लाख तंबोऱ्यावर चढत होती, तर दुसरीवर खुद्द खाँसाहेबांचा आवाज कोरला जात होता. ते १९३७ साली गेले, त्यांची कबर मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात आहे. मी वीणेचं काम चालू असताना तिथे जाऊन बसलो होतो.

मग लाख मागे कशी पडली? मोटारींमुळे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटारीचा रंग वाळायला आठवडेच्या आठवडे जात. १९२३ च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीने नायट्रोसेल्युलोजचं झटपट वाळणारं लॅकर काढलं, नाव ड्यूको. आपले रंगारी आजही कपाटाला 'ड्यूको मारू का' म्हणून विचारतात, तोच हा ड्यूको. मोटारीला चालतं ते गिटारला का नको? १८३३ पासून गिटारी करणाऱ्या मार्टिन कंपनीनेसुद्धा १९२० च्या दशकात जुनं स्पिरिट व्हार्निश सोडून लॅकर धरलं. साठच्या दशकापासून पॉलियुरेथेन आणि पॉलिएस्टर आलं. टिकाऊ, कडक, घाम-पाण्याला दाद न देणारं. नव्वदच्या दशकात अतिनील दिव्याखाली क्षणात कडक होणारे थर आले. प्रत्येक वेळी बदलामागचं कारण एकच होतं: लवकर वाळतं का आणि टिकतं का. आवाजाचा विचार करून बदल केला, असं या सगळ्या इतिहासात क्वचितच दिसतं. आवाजाच्या गोष्टी मागाहून, जाहिरातीत आल्या.

आता भाच्याचा प्रश्न. सॅटिन आणि ग्लॉस ही दोन वेगळी रसायनं आहेत असा पुष्कळांचा समज असतो. माझाही होता. बहुतेक वेळा लॅकर एकच असतं. सॅटिनमध्ये सिलिकाची अतिबारीक पूड घातलेली असते, तिने पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत राहतो आणि उजेड एका दिशेने परतण्याऐवजी विखुरतो. नाहीतर सरळ शेवटची घोटाई केलेली नसते. म्हणजे चमक ही उजेडाची भानगड. लाकूड थरथरतं तेव्हा त्याला ती चमक कळतही नाही.

त्याला कळतं ते वजन आणि कडकपणा. मी कागदावर हिशेब मांडून पाहिला. मोठ्या गिटारच्या वरच्या फळीचं क्षेत्रफळ साधारण १४०० चौरस सेंटिमीटर, जाडी पावणेतीन-तीन मिलिमीटर, लाकूड स्प्रूस. फळीचं वजन भरतं १६५ ग्रॅमच्या आसपास. त्यावर ०.१ मिलिमीटरचा थर म्हणजे सुमारे १७ ग्रॅम. स्वस्त गिटारींवर असतो तसा ०.३ मिलिमीटरचा जाड थर दिला तर ५० ग्रॅम! फळीच्या तिसऱ्या हिश्शाएवढं ओझं. जॉन शेलेंग यांनी १९६८ साली व्हायोलिनच्या व्हार्निशवर अभ्यास केला, त्यात आणखी एक गोष्ट पुढे आली. लाकूड रेषेच्या दिशेने ताठ आणि आडव्या दिशेने मऊ असतं. थर दोन्हीकडे सारखाच, त्यामुळे त्याचा परिणाम आडव्या दिशेला जास्त. शिवाय थर कंपनं शोषतो, आणि त्यात वरच्या पट्टीतल्या उपस्वरांचा जीव जातो.

तेव्हा दुकानदार अगदीच खोटं बोलत नव्हता. ग्लॉसला लाकडाची छिद्रं भरावी लागतात, आरसा करायचा तर थर वाढवून मग घासावे-घोटावे लागतात. सॅटिनला दोन-तीन थरांत काम भागतं. त्यामुळे सॅटिन बऱ्याचदा पातळ असतं आणि मजुरी वाचल्यामुळे स्वस्त. पण चांगल्या कारागिराचा ग्लॉस एखाद्या आळशी सॅटिनपेक्षा पातळ असू शकतो. चमक पाहून जाडी कळत नाही.

आणि कानाचा भरवसा? स्ट्रॅडिव्हरीच्या व्हार्निशचं गूढ दोनशे वर्षं लोक उकलत बसले होते. २००९ साली पॅरिसच्या संग्रहालयातल्या त्याच्या पाच वाद्यांची रासायनिक तपासणी झाली, तेव्हा निघालं काय, तर वाळणारं तेल, पाइनची राळ आणि नेहमीचे रंग. त्या काळचा कुठलाही चित्रकार वापरायचा तेच. २०१८ साली इंग्लंडमध्ये गिटारींचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सहा गिटारी, सगळं सारखं, फक्त पाठीचं आणि बाजूंचं लाकूड वेगळं, महागडं आणि साधं. ५२ वादकांनी डोळ्यांवर वेल्डिंगचे काळे चष्मे चढवून त्या वाजवल्या. महाग लाकूड वरचढ ठरलं नाही. तो प्रयोग पॉलिशचा नव्हता हे कबूल. पण डोळे झाकल्यावर किती मतं गळून पडतात, याचा अंदाज येतो. आमच्या घरी तर वीणा डोळ्यांसमोर चमकत होती, म्हणून आम्ही सगळ्यांनी चमकीलाच धरलं. घोडीकडे कुणी पाहिलंच नाही. आबांनी पाहिलं असणार, असं मला आता वाटतं. मला वाईट वाटू नये म्हणून बोलले नसतील.

वीणा घेऊन परत आलो तेव्हा आबा ओसरीवर होते. गळ्यात घेतली, छेडली, आणि डोळे मिटून बराच वेळ छेडत राहिले. माझ्याकडे पाहून फक्त मान हलवली. नंतर दोन उत्सव ती त्यांच्या गळ्यात होती.

दांडीवरचं मेलामाईन मी काढू दिलं नव्हतं. पैशांचा प्रश्न नव्हता. ते काढून तो ठसा परत थोडाच मिळणार होता! आबांचा हात त्या चमकीवरून सारखा घसरायचा, तेव्हा ते पंचाचं टोक दांडीला गुंडाळून धरायचे. कडक थर दोन वर्षांत झिजत नाही. आता वीणा माझ्या चुलतभावाकडे आहे. गेल्या दिवाळीत मी दांडी उजेडात धरून पाहिली. आबा धरायचे त्याच्या जरा वर, थोडीशी चमक गेल्यासारखी वाटली. चुलतभाऊ उंच आहे.

भाच्याला मी म्हटलं, दोन्ही गिटारी दुकानातल्याच कुणाकडून वाजवून घे आणि तू पाठ करून उभा राहा. तीन वेळा वेगवेगळ्या क्रमाने. ओळखता आली नाही तर स्वस्त घे, उरलेल्या पैशात दोन वर्षांच्या तारा येतील. त्याने तसं केलं. तीनदा चुकला, सॅटिन घेतली.

काल त्याने फोटो पाठवला, सोबत तक्रार. पाठीमागे, दांडीच्या ज्या भागावर अंगठा फिरतो तिथे सॅटिन आत्ताच चमकायला लागलंय. "मामा, हे घासून परत मंद करून मिळेल का कुठे?"

मी त्याला म्हटलं, हात लावू नकोस.